निवृत्तीच्या पैशाला कर कुठे लागतो?

“रिटायर झाल्यावर पन्नास लाख मिळतील. त्यातले टॅक्समध्ये किती जातील?” नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की हा प्रश्न घरोघरी निघतो. त्यामागची भीती खरी असते. पगारातून तीस वर्षं कर कापलेला पाहिला आहे, तेव्हा एवढ्या मोठ्या रकमेतून तर केवढा कापतील, असं वाटणं साहजिक आहे.

त्याचं उत्तर दिलासा देणारं आहे. ग्रॅच्युइटी, पीएफ, रजेचा पगार अशा एकरकमी पैशांपैकी बहुतेकांच्या बाबतीत जवळपास सगळी रक्कम करमुक्त असते. कराचा विषय सुरू होतो तो ते पैसे बँकेत जमा झाल्यानंतर. पण त्या वेळी फारसं कुणी विचारत नाही. घाईघाईने सगळ्या पैशांच्या मुदत ठेवी केल्या जातात, आणि पुढची पंचवीस वर्षं त्याच निर्णयावर निघतात.

या प्रकरणातले दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून इथे कलमांची जंत्री दिलेली नाही. सवलतीचं नाव आणि तिच्यामागचा हिशेब कळला की पुरे.

१. कर वसूल होण्याच्या तीन जागा

एखाद्या लांबच्या रस्त्यावर तीन टोलनाके असावेत, तसं बचतीच्या पैशाचं असतं. पैसे गुंतवताना पहिला नाका, ते वाढत असताना दुसरा आणि काढून घेताना तिसरा. कोणत्या योजनेला कोणत्या नाक्यावर पैसे मोजावे लागतात, एवढं समजलं तर निम्मा विषय समजला.

पीपीएफला वाटेत आणि शेवटी काहीच द्यावं लागत नाही. व्याज करमुक्त, मुदतीनंतरची रक्कमही करमुक्त. पीएफचंही साधारण तसंच आहे. सलग पाच वर्षं नोकरी झालेली असली की काढलेली रक्कम करमुक्त असते. मात्र २०२१ च्या एप्रिलपासून, वर्षात स्वतःचा भरणा अडीच लाखांच्या वर गेला, तर वरच्या भरण्यावरचं व्याज करपात्र झालं आहे. बँकेच्या मुदत ठेवीला दुसऱ्या नाक्यावर दरवर्षी पैसे मोजावे लागतात. ठेव पाच वर्षांनी एकदम व्याज देणारी असली, तरी व्याज दरवर्षी खात्यावर चढतं, बँक ते दरवर्षी कळवते आणि टीडीएसही दरवर्षी कापते. “व्याज अजून हातात आलंच नाही, मग कर कसला?” असं वाटतं खरं, पण हिशेब सोयीचा पडतो तो दरवर्षी व्याज दाखवण्यानेच. पाच वर्षांचं व्याज एकाच वर्षात दाखवलं तर ते वरच्या टप्प्यात जाऊन बसू शकतं.

२. शेवटच्या दिवशी मिळणारा पैसा

चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातले फोरमन डोळ्यांसमोर आणू. तीस वर्षं नोकरी, वय ५८, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२,००० रुपये.

ग्रॅच्युइटीचा हिशेब १९७२ च्या कायद्यापासून चालत आला आहे. त्यात महिना २६ दिवसांचा धरतात आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार देतात. ५२,००० ला २६ ने भागलं की दिवसाचे २,००० येतात. त्याचे १५ दिवसांचे ३०,०००, आणि तीस वर्षांचे ९ लाख. खासगी नोकरीत २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे. ही मर्यादा आयुष्यभराची आहे, म्हणजे आधीच्या कंपनीतून घेतलेली करमुक्त ग्रॅच्युइटीही तीत मोजली जाते. सरकारी कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त असते.

त्यांच्या नावावर ३०० दिवसांची रजा शिल्लक आहे, म्हणजे दहा महिन्यांचा पगार: ५ लाख २० हजार. रजेच्या पगाराची करमुक्त मर्यादा खासगी नोकरदारांसाठी वीसहून अधिक वर्षं ३ लाखांवर अडकून पडली होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २५ लाख झाली. (दहा महिन्यांचा सरासरी पगार, ही आणखी एक मर्यादा आहे, इथे रक्कम तीतही बसते.) ही सूट नोकरी सोडताना विकलेल्या रजेला आहे. नोकरीत असताना मधेच रजा विकली, तर तो पैसा साध्या पगारासारखा करपात्र असतो. सेवेच्या शेवटच्या वर्षी, दोन-चार महिने आधी रजा विकणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.

पीएफचे समजा ३६ लाख. सगळे मिळून ५० लाख २० हजार, आणि त्यावर कर शून्य.

आता पीएफबद्दल एक गोष्ट. अनेक जण निवृत्तीनंतरही पैसे पीएफमध्येच राहू देतात, कारण व्याज चांगलं मिळतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ते ८.२५ टक्के जाहीर झालं होतं. वयाच्या ५५ नंतर निवृत्त झाल्यास पुढची तीन वर्षं खात्यावर व्याज जमा होत राहतं. पण नोकरी संपली त्या दिवसापुढचं व्याज करपात्र ठरतं. निवृत्तीपर्यंतची रक्कम करमुक्तच राहते, कर फक्त नंतरच्या व्याजावर. रिटर्नमध्ये नेमकं हेच दाखवायचं राहून जातं.

३. पेन्शन विकावी का?

सरकारी कार्यालयात याला ‘अंशराशीकरण’ म्हणतात. माणसं ‘पेन्शन विकली’ म्हणतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूळ पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून त्याबदली एकरकमी पैसे घेता येतात.

साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाची मूळ पेन्शन ३०,००० धरू. ४० टक्के, म्हणजे महिना १२,००० विकले. वर्षाचे १,४४,००० झाले. या वयाचा तक्त्यातला गुणक ८.१९४ आहे. गुणाकार केला की ११,७९,९३६ रुपये हातात येतात आणि ते पूर्ण करमुक्त असतात. पुढची पंधरा वर्षं महिन्याला १२,००० कमी मिळतात, त्यानंतर पेन्शन पूर्ववत होते.

पंधरा वर्षांत सोडलेली रक्कम २१ लाख ६० हजार. म्हणजे साधारण ९ टक्के व्याजाने कर्ज घेतल्यासारखंच झालं. पण हे कर्ज नेहमीसारखं नाही. पेन्शनधारक आधीच गेला, तर वारसांकडून काही वसूल होत नाही आणि फॅमिली पेन्शनही कमी होत नाही. महागाई वाढीची रक्कमही मूळ पूर्ण पेन्शनवरच मोजतात.

“विकलेली पेन्शन करमुक्त असते, म्हणून विकावी” हे मात्र मला पटत नाही. पुढच्या भागात दिसेल की महिना तीस-चाळीस हजारांच्या पेन्शनवर नव्या पद्धतीत तसाही कर बसत नाही. म्हणजे कर वाचतच नाही. घरावरचं महागडं कर्ज फेडायचं आहे, मुलीच्या शिक्षणाचा शेवटचा हप्ता आहे, तर विका. पैसे मिळताहेत म्हणून घेऊन ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकायचे, तर तो सौदा तोट्याचा आहे.

खासगी नोकरीतल्या माणसाला कंपनीची पेन्शन असेल, तर ग्रॅच्युइटी मिळणाऱ्याला एकूण पेन्शनमूल्याच्या एक तृतीयांशापर्यंत आणि न मिळणाऱ्याला निम्म्यापर्यंत विकलेली पेन्शन करमुक्त असते.

४. बारा लाखांचा नेमका अर्थ

नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, अशी चढण आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर येणारा कर ६०,००० पर्यंत माफ होतो. शिवाय पेन्शनमधून आधीच ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते.

जुन्या पद्धतीत साठी ओलांडलेल्यांना ३ लाखांपर्यंत आणि ऐंशी ओलांडलेल्यांना ५ लाखांपर्यंत कर नाही. ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० ची वजावट आहे, आरोग्य विम्याच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत आहे. वजावटींची यादी मोठी दिसते म्हणून अनेक ज्येष्ठ तिथेच थांबतात. आकडे मांडून पाहू.

बासष्ट वर्षांच्या निवृत्त बाईंची पेन्शन महिना ४०,०००, म्हणजे वर्षाला ४,८०,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २,४६,०००. बँकेत १५ लाखांची मुदत ठेव; ७ टक्क्यांनी १,०५,०००. एकूण ८,३१,०००.

जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्याजाची ५०,००० आणि विम्याची ५०,००० जाऊन ६,८१,००० उरले. पहिले ३ लाख सोडून पुढच्या २ लाखांवर ५ टक्क्यांनी १०,०००, उरलेल्या १,८१,००० वर २० टक्क्यांनी ३६,२००. उपकर धरून कर ४८,०४८ रुपये.

नव्या पद्धतीत ७५,००० जाऊन ७,५६,०००. त्यावर कर १७,८०० येतो आणि तो सगळा माफ होतो. भरायचे शून्य.

म्हणून बहुतेक पेन्शनधारकांनी आज नवी पद्धतच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कर शून्य आला म्हणजे रिटर्न भरायचं नाही, असं समजू नये. उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, म्हणून रिटर्न भरावंच लागतं. माफी तिथेच नोंदली जाते.

बारा लाखांची सीमा थोडी ओलांडली तर काय, ही धास्तीही अनेकांना असते. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं, तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येईल. पण कायदा म्हणतो, सीमेच्या वर जेवढे कमावले त्याहून जास्त कर घेणार नाही. म्हणून कर १०,००० आणि त्यावर उपकर.

खरी अडचण वेगळीच आहे. ही माफी शेअर आणि इक्विटी फंड विकून झालेल्या भांडवली नफ्याला मिळत नाही. वरच्याच बाईंनी जुने इक्विटी फंड विकले आणि एक वर्षाहून जुन्या युनिट्सवर ३,२५,००० नफा झाला, असं धरू. १,२५,००० पर्यंत सूट, उरलेल्या २ लाखांवर १२.५ टक्क्यांनी २५,०००, उपकरासह २६,००० भरावेच लागतील, एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असूनही. “बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही” एवढंच ऐकून निश्चिंत राहिलेल्या माणसाला हा धक्का बसतो. उपाय सोपा आहे. एकाच वर्षी सगळं विकण्याऐवजी दरवर्षी थोडं विकायचं, नफा सव्वा लाखाच्या आत राहील असं.

५. कापलेला टीडीएस आणि न कापू द्यायचा टीडीएस

साठीच्या पुढच्या माणसाचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं की बँक १० टक्के कापते. बाकीच्यांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. ज्यांना कर बसतच नाही, त्यांनी एप्रिलमध्येच १५एच हा स्वघोषणेचा फॉर्म द्यावा. माफीमुळे कर शून्य होणाऱ्यांनाही तो देता येतो.

आपल्या चिंचवडच्या फोरमनचं वय मात्र ५८ आहे. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवता येतात, कारण निवृत्तांसाठी तिथे वयाची अट ५५ ची आहे. पण कराच्या दृष्टीने ते अजून ज्येष्ठ नाहीत. त्यांना १५जी द्यावा लागतो, आणि त्याला एक जादा अट आहे: वर्षाचं एकूण व्याजच करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे ४ लाखांच्या आत हवं. त्यांचं योजनेतलं व्याज २,४६,००० आणि उरलेल्या २० लाखांच्या ठेवीवरचं १,४०,०००. मिळून ३,८६,०००. थोडक्यात बसलं. आणखी तीन लाख ठेवीत असते, तर हा फॉर्म देता आला नसता, टीडीएस कापला गेला असता आणि परताव्यासाठी रिटर्न भरावं लागलं असतं.

ज्येष्ठांना धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना रिटर्नमधूनही सुटका आहे. मात्र उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच हवं. कुठल्याशा जुन्या शेअरचा लाभांश आला, तरी ही सोय मिळत नाही.

६. फोरमनच्या घरचा खरा पेच

आता कर जरा बाजूला ठेवू. या माणसाला पीएफ कार्यालयाची पेन्शन मिळते, पण ती किती? पगाराची कमाल मर्यादा १५,००० आणि सेवा अगदी ३५ वर्षं धरली, तरी सूत्राने महिना ७,५०० येतात. समजा त्यांना ६,५०० मिळतात. व्याज धरून वर्षाचं उत्पन्न ४,६४,०००, महिन्याला साधारण ३८,६००. प्रमाणित वजावट गेली की करपात्र रक्कम ४ लाखांच्या आत. कर नाही. आज घर नीट चालतं.

महागाई ६ टक्के धरली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. सत्तराव्या वर्षी त्यांना याच राहणीमानाला महिना ७७,००० लागतील, ब्याऐंशीव्या वर्षी दीड लाख. व्याज मात्र तेवढंच राहील, कारण मूळ ५० लाख वाढलेलेच नाहीत. सरकारी पेन्शनला महागाईची जोड असते. फोरमनच्या व्याजाला ती नाही. कराच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही, आणि मला सर्वांत काळजी याचीच वाटते. कर वाचवण्याच्या कितीही युक्त्या केल्या, तरी ही तूट त्यांनी भरून निघत नाही.

म्हणून वीस लाखांची ती ठेव पुन्हा पाहू. सगळं व्याज दरवर्षी खर्च न करता काही भाग वाढता ठेवायचा असेल, तर म्युच्युअल फंडातून नियमित रक्कम काढण्याची पद्धत आहे. तिचं कराचं गणित ठेवीपेक्षा वेगळं चालतं. २० लाखांचे रोखे फंडाचे युनिट प्रत्येकी २० रुपयांनी घेतले. वर्षाने भाव २१ रुपये ४० पैसे झाला, म्हणजे ७ टक्के वाढ. आता १,४०,००० काढले. त्यासाठी सुमारे ६,५४२ युनिट विकावे लागले. त्यांची खरेदी किंमत १,३०,८४० होती. करपात्र नफा फक्त ९,१६० रुपये. ठेवीत पूर्ण १,४०,००० करपात्र होते. अर्थात हा कर पुढे ढकललेला आहे, रद्द झालेला नाही. वर्षं जातील तसा काढलेल्या रकमेत नफ्याचा वाटा वाढत जातो. शिवाय फंडाला हमी नसते. म्हणून किराणा, वीजबिल, औषधं हे खर्च पेन्शन आणि बचत योजनेच्या व्याजातून भागावेत. दहा वर्षांनी लागणारे पैसे तेवढे वाढत्या जागी असावेत. फंडात लाभांशाचा पर्याय घेऊ नये. तो लाभांश २०२० पासून पूर्ण करपात्र आहे.

याच्या अगदी उलटं वर्षासनाचं. एनपीएसमधून निवृत्त होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला साठलेल्या रकमेपैकी ६० टक्के करमुक्त मिळतात आणि उरलेल्या ४० टक्क्यांतून विमा कंपनीचं वर्षासन घ्यावं लागतं. ते आयुष्यभर मिळतं, ही त्याची मोठी ताकद आहे. पण दर महिन्याला आलेली पूर्ण रक्कम उत्पन्नात धरतात. खासगी बचतीतून, आधीच कर भरलेल्या पैशातून वर्षासन घेतलं, तरी तसंच. आपलंच मुद्दल थोडं थोडं परत येतं आणि त्यावर पुन्हा कर बसतो. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. ज्यांना एकरकमी पैसे सांभाळता येणार नाहीत, त्यांच्यासाठी वर्षासन तरीही योग्य आहे. मोठी पेन्शन आधीच असलेल्यांनी ते हौसेने घेऊ नये.

७. कुणाच्या नावावर ठेवायचे?

“अर्धे हिच्या नावावर ठेवतो, म्हणजे टॅक्स वाचेल.” हा सल्ला इतका रूढ आहे की बँकेच्या काउंटरवरही मिळतो. पण पतीने पत्नीला दिलेल्या पैशावरचं व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवतात. पंधरा लाख पत्नीच्या नावाने ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, तर वर्षाचे १,२३,००० पतीच्या रिटर्नमध्ये यायला हवेत. ते व्याज पत्नीने पुन्हा गुंतवलं, तर त्या व्याजावरचं व्याज मात्र तिचं स्वतःचं. तिची स्वतःची बचत, स्त्रीधन, माहेरहून आलेला वाटा यांवरचं उत्पन्नही तिचंच.

सज्ञान मुलाला किंवा आई-वडिलांना दिलेल्या पैशाला हा नियम लागू नाही. म्हणून चढ्या टप्प्यात कर भरणाऱ्या मुलाने वडिलांना रक्कम भेट दिली आणि वडिलांनी ती गुंतवली, तर तिच्यावरचं व्याज वडिलांचंच. भेटीलाही कर नाही. पैसे बँकेतूनच द्यावेत आणि भेटीचं साधं पत्र करून ठेवावं.

तरीही पत्नीच्या नावावर काही रक्कम असायलाच हवी, कर वाचो वा न वाचो. पतीच्या पश्चात मिळणारी फॅमिली पेन्शन कमी असते, आणि कराच्या हिशेबात तिला पगारासारखं धरत नाहीत. ७५,००० ची वजावट तिला मिळत नाही. नव्या पद्धतीत पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी असेल ती रक्कम वजा होते. पती गेले त्या वर्षी दोन रिटर्न भरावी लागतात. पतीच्या निधनाच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या पॅनवर, वारसदार म्हणून पत्नीने नोंदणी करून भरायचं. त्या दिवसानंतरचं व्याज आणि पेन्शन तिच्या स्वतःच्या पॅनवर. तिने दिलेला १५एच असेल, तर तोही नव्याने तपासावा लागतो, कारण पतीच्या ठेवी आता तिच्या उत्पन्नात आलेल्या असतात.